डोहाळ्यांचा ससा

माय, मी लिहायला शिकले हे तुला ठाऊकच नाही. तू गेलीस तेव्हा मला माझं नाव काढण्यापुरती अक्षरं येत होती. पुढं यांनी, म्हणजे तुझ्या मास्तर जावयानं, शाळेतून आल्यावर मला पाटी देऊन बसवलं, आणि दोन लेकरांच्या मागं धावता धावता मी शिकले. आज कामठ्याच्या घरी मागच्या ओसरीत बसून लिहिते आहे. गेल्या मंगळवारी घरात एक गोष्ट झाली आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलल्याशिवाय मला चैन नाही. काय बोलायचं आहे ते मात्र मला अजून नीट कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळेल असं वाटून बसले.

आपल्या घरात मांस-मच्छी बंद झाली तेव्हा मी सहा वर्षांची असेन. बाबा मोठ्या तापातून उठले आणि गुरुमहाराजांकडून तुळशीची कंठी बांधून आले. तोवर धानाच्या बांधीतली मच्छी आपल्या घरी जवळपास रोजची होती. त्या दिवशी तू मच्छीचं मडकं उचललंस, पलीकडच्या गोंड म्हातारीच्या दारात ठेवून आलीस, चूल सारवलीस, आणि पुन्हा कधी कण तोंडात घातला नाहीस. कंठी काही तुझ्या गळ्यात नव्हती. तुला कुणी विचारलंही नव्हतं. काकी म्हणायची की बाबा घरी नसले म्हणजे आपण दोघी गुपचूप दोन मासे भाजू, तेव्हा तू तिलाच रागवायचीस. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून तर पुढचं माझ्या डोक्यात बसत नाही.

तुझ्या वडलांना मुलगा नव्हता. त्यांनी फासे लावायचं तुला शिकवलं होतं. तितरासाठी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे, सशासाठी अंबाडीच्या दोरीचे. लग्नात तुझ्याबरोबर काय काय आलं ते काकी मोजून सांगायची, पण त्या फाशांचं नाव तिनं कधी घेतलं नाही, कारण तिला ते माहीतच नव्हते. गोठ्याच्या छपरात भोपळ्याच्या एका कोरड्या तुंब्यात ते तू ठेवायचीस. लहानपणी मला ते सापडले होते, पण मला वाटलं वासरासाठी काहीतरी असेल. आई जे करते त्याचा घराला काहीतरी उपयोग असतोच असं मी तेव्हा धरून चालले होते.

मग माझं लग्न झालं, आणि पहिल्या बाळंतपणाला मी देवरीकडच्या आपल्या गावी आले. पौष महिना, मला सातवा सरत आलेला. पाठ दुखते म्हणून झोप लागत नाही. उजाडता उजाडता तू गोठ्यातून निघून मागच्या बाजूनं जाताना दिसलीस, आणि मी घोंगडी गुंडाळून मागं निघाले. तू वळून पाहिलंस. मला वाटलं, परत धाडशील. "धुऱ्यावरून चाल, बांधीत पाय फसंल," एवढंच म्हणालीस, आणि मी बांधावर चढले.

धान कापून महिना होऊन गेला होता. बांध्यांमध्ये लाखोरीचं पीक घोट्याएवढं हिरवं उभं, त्याच्यावर दव. तू पुढं चालते आहेस. घरात तुझी पावलं जड पडायची, तू भांड्यांशी बोलायचीस, खोकायचीस. इथं तुझ्या पायांचा आवाज येत नाही. एका जागी तू खाली बसलीस, सशाची एक लेंडी उचलून दोन बोटांत दाबलीस. "रातचीच आहे," म्हणालीस. काट्यांच्या कुपाटीच्या बुडाशी गवत थोडं वाकलेलं होतं, मला तर ते दिसलंही नसतं. "इथून येते, इथूनच जाते. रोजचा एकच रस्ता धरते." मला तू शिकवत होतीस की स्वतःशीच बोलत होतीस, तेही मला सांगता येणार नाही.

तिसऱ्या फाशात ससा होता, जिवंत. ससा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. तान्ह्या लेकरासारखा ओरडतो. मी दोन्ही हात पोटावर धरले. तू गुडघा टेकलास, एका हातानं त्याचे मागचे पाय धरलेस, दुसऱ्या हातानं मान, आणि झालं. इतकं चटकन की ओरडणं मध्येच तुटलं. मग तू तशीच बसून राहिलीस, ससा मांडीवर, तुझा तळहात त्याच्या कुशीवर. तुझा चेहरा मी पाहिला. एवढी वर्षं मी तो चेहरा कशासारखा होता ते शोधते आहे. सुईत दोरा पहिल्या खेपेलाच गेला की बाईचा चेहरा होतो, तसा थोडा. पण तेही बरोबर नाही, कारण तुझे डोळे ओले होते. आणि रडत होतीस म्हणावं तर तेही नाही.

"कायले मारतेस वं माय?" मी विचारलं.

"चाल, थंडी आहे," तू म्हणालीस.

एरवी, हे मला नंतर कळलं, तू मागच्या वाटेनं म्हातारीकडे ससा देऊन हात धुऊन घरी यायचीस. त्या दिवशी मी दमले म्हणून तू मला आधी घरी सोडायला आलीस. आणि अंगणात गुरुमहाराज बसलेले. दोन दिवसांनी यायचे ते आधीच आले होते, त्यांच्या गाडीचे बैल अजून सोडायचे होते. बाबा पाय धुवायला पाणी देत होते, काका सतरंजी टाकत होते. तुझ्या पदरातून सशाच्या नाकातलं रक्त ठिबकत होतं. लपवायचं म्हटलं असतंस तर अजूनही लपवता आलं असतं, गोठ्याकडे वळली असतीस तर कुणी पाहिलंही नसतं. तू वळली नाहीस.

"हे का आहे?" बाबांनी विचारलं.

"ससा."

"कोणं मारलं?"

"मी."

काका भला माणूस. त्यानं तुला वाट काढून दिली. "लाखोरी खाऊन राहिले असतीन ससे. पिकासाठी मारलं असंल वहिनीनं. नाही का वहिनी?"

तू नाही म्हणून मान हलवलीस. "ससा खाऊन खाऊन किती खाते? त्याहून जास्त त आपले बैल तुडवतेत."

"मंग म्हातारीसाठी?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अजून खालीच होता. "तिच्या घरी कमावणारं नाही म्हणून तुले दया आली?"

"तिनं कधी मागतलं नाही. मी देते त ते घेते."

"मंग चोरून खातेस?"

तेव्हा तू त्यांच्याकडे सरळ पाहिलंस. "कंठी तुमच्या गळ्यात आहे. माह्या तोंडात त्या दिवसापासून कण नाही गेला. देवाची आण."

"पिकासाठी नाही, पोटासाठी नाही, कोणाच्या भल्यासाठी नाही," बाबा आता ओरडलेच. "हौस म्हणून जीव घेतेस का तू?"

आणि माय, तू विचार केलास. सगळ्यांसमोर उभं राहून, ससा पदरात धरून, तू खरोखर विचार केलास. गुरुमहाराजही तुझ्याकडे पाहत राहिले. "हौस बी नोहोय," तू म्हणालीस. "मले सांगता नाही येत."

बाबांनी हातातला लोटा खाली ठेवला. "आजपासून चुलीले हात नोको लावू. तुया हातचं पाणी बी मले चालणार नाही."

मला त्या वेळी एवढंच दिसलं की तुझं घर हातचं चाललं. मी पुढं झाले आणि म्हणाले, "बाबा, माह्यासाठी मारलं तिनं. मले डोहाळे लागले. मीच म्हटलं होतं, ससा पाहिजे."

अंगणातले सगळे एकदम मोकळे झाले. गुरुमहाराज हसले. ते छत्तीसगडकडचे, त्यांची बोली तशीच. "गरभवती के मन आय, ओला झन रोकव," म्हणाले, पोटुशीचं मन आहे, तिला अडवू नका. बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. त्यांनाही कारण हवंच होतं. डोहाळे अडवले की लेकराची लाळ गळते, हे त्यांनाही माहीत. काकी म्हणाली, "आधी नाही का सांगायचं!" सगळ्यांना कारण मिळालं. फक्त तुझा चेहरा मिटला.

खोटं बोलले तर ते खरंही करावं लागलं. आपल्या चुलीवर शिजवायचं नाही म्हणून म्हातारीच्या चुलीवर ससा शिजला. मीठ, मिरची, हळद, दुसरं काही नाही. पळसाच्या द्रोणात माझ्यासमोर आला. काकी पाहायला उभी. सहा वर्षांची असताना सुटलेली चव, मला तर आठवतही नव्हती. पहिला घास मी गिळला तेव्हा कानात ते ओरडणं आलं. दुसरा गिळला. काकी म्हणाली, "कशी खाऊन राहिली पाहा, किती मन झालं होतं पोरीचं!" ती गेल्यावर म्हातारीनं द्रोण माझ्या हातातून काढून घेतला. "राहू दे बाई. आमी मारतो त खातो, आन मारायच्या आधी देवाले सांगतो. तुही माय मारते कायले, मले बी आजलोक नाही समजलं." मला वाटलं होतं निदान तिला तरी माहीत असेल.

संध्याकाळी तू तांदूळ निवडत होतीस. मी जवळ येऊन बसले. मला वाटलं होतं तू माझ्या पाठीवरून हात फिरवशील. मी तुझी चूल वाचवली होती. तू वर पाहिलं नाहीस.

"माह्या कामाले तुनं आपलं नाव काऊन देलं?"

"मंग का करू माय? बाबा तुले टाकून देत होते."

"टाकतले असते त टाकतले असते. मी तुयासाठी नोहोती गेली."

"मंग कोणासाठी? कायसाठी?"

"मले मालूम असतं त त्याइले सांगतली नसती का?" तू सूप आपटलंस. दाणे खाली सांडले. ते आपण दोघींनी न बोलता वेचले.

पोरगं झालं. बारसं झालं. दुसऱ्या दिवशी बाबा तुला म्हणाले, रागानं नाही, अगदी साध्या आवाजात, "आता झालं ना? डोहाळे संपले. आता ते फासे बंद कर." कारण मी देऊन ठेवलं होतं, आणि ते आता संपलं होतं. तू गोठ्यात गेलीस, तुंबा काढून आणलास आणि फासे एकेक करून चुलीत घातलेस. घोड्याचे केस जळल्याचा वास तीन दिवस घरात होता, बाळाच्या दुपट्यालाही येत होता. कुणी तुला जाळ म्हटलं नव्हतं. हेही मला कळलं नाही.

पुढच्या पौषात मी पोराला घेऊन आले तेव्हा सकाळी तू मागच्या कुपाटीपाशी उभी असायचीस. थोडा वेळ. मग शेण भरायला लागायचीस. मला कधी कधी वाटतं, मी तुझी चूल ठेवली आणि तुझ्या बांध्या घालवल्या. मी बोलले नसते तर बाबा चार महिने रुसले असते, तू ओसरीत वेगळं शिजवून खाल्लं असतंस, आणि सकाळी गेली असतीस. कदाचित. की बाबांनी तुला माहेरी धाडलं असतं? तुझ्या माहेरी तर कुणी उरलंच नव्हतं. मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि दोन्ही बाजूंनी अडते. चार वर्षांनी तापाची साथ आली आणि तू गेलीस. मला गावात शिरू दिलं नाही.

ते पोरगं आता तिशी ओलांडून गेलं माय. गोंदियाला तांदळाच्या गिरणीत भागीदार आहे. अर्धं हिंदी बोलतं. लढाई संपल्यावर त्यानं आणि त्याच्या मित्रांनी मिळून लष्कराची जुनी जीप घेतली, बंदुकीचं लायसन त्याच्याकडे आधीपासून होतं. महिन्यातून एकदा देवरीच्या जंगलात जातात. आणि घरी आला की बाप-लेकाचं वाजतं. तुझे जावई आता निवृत्त झाले, पण मास्तरकी सुटली नाही. ते बोटं मोजून सांगतात: माणूस पोटासाठी मारतो, पीक राखायला मारतो, स्वतःचा जीव वाचवायला मारतो. ही तीन कारणं समजून घेता येतात, याच्या पलीकडचं सगळं क्रौर्य. पोरगा म्हणतो, "बाबूजी, तुमच्या तिन्हीत मी बसत नाही. पर मी क्रूर आहे का, तुम्हीच सांगा. कातड्यासाठी वाघ मारणाऱ्या साहेबांसारखा मी आहे का?" मग तो सांगायला लागतो. जंगलात गिरणीचा आवाज डोक्यातून जातो म्हणतो. पान हललं तरी ऐकू येतं म्हणतो. मी पोळ्या लाटता लाटता ऐकते आणि मला तुझे आवाज न करणारे पाय दिसतात. पण लगेच वाटतं, याची जीप, याचे मित्र, याचं हसणं, हे तुझं नव्हे. मग पुन्हा वाटतं, ते तरी मला काय माहीत?

आणि वाद अंगाशी आला की तो हसून एकच सांगतो. "माझं सोडा. मी त पोटात असतानाच ससा खाऊन आलो. आजीनं मारला, आईनं खाल्ला. माझा काय इलाज!" मग सगळे हसतात. तुझे जावईही हसतात. काकीनं ही गोष्ट साऱ्या नात्यात पसरवली, आणि पोरानं ती लहानपणापासून शंभरदा ऐकली. त्याच्या अंगात शिकार कुठून आली, ते मी तुझ्या अंगणात उभं राहून एका दमात सांगून टाकलं होतं. त्या वेळी तो जन्मलाही नव्हता.

मंगळवारी तो देवरीहून सरळ इकडे आला, गोंदियाला न जाता. एकटाच. बंदूक भिंतीला टेकवली आणि जेवायला नको म्हणाला. तुझे जावई घरी नव्हते. मी पाणी दिलं. त्यानं गडवा हातात धरला, प्यायला नाही.

"आई, सांबर समोर होतं. चाळीस पावलांवर. मान वर करून उभं."

"मग?"

"नाही चालवली."

"चांगलं झालं," मी म्हटलं.

"चांगलं-वाईट नाही म्हणत मी. काऊन नाही चालवली ते समजून नाही राहिलं. दया-बिया काही आली नाही मनात. बोट होतं घोड्यावर. मित्र हसून राहिले होते. मी म्हटलं बंदूक अटकली. खोटं बोललो." तो माझ्याकडे पाहत होता, लहानपणी ताप आला की पाहायचा तसा. "म्हणजे इतकी वर्षं मारत होतो ते तरी कायले मारत होतो? मले वाटत होतं, ते मले माहीत आहे." मग गडवा खाली ठेवून म्हणाला, "आई, एक विचारू? तुले खरंच डोहाळे लागले होते का?"

माय, बत्तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायची यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. सांगितलं असतं तर त्याच्या खांद्यावरचं एक खोटं उतरलं असतं. पण मला त्याच वेळी तू दिसलीस, अंगणात उभी, ससा पदरात, विचार करणारी, आणि कारण न सापडणारी. त्याला मी तसं उभं करू का? त्याच्याजवळ निदान एक गोष्ट आहे, खोटी का असेना. की खोटं काढून घेतलं असतं तर तो मोकळा झाला असता? तू मोकळी होतीस का माय, कारण नसताना? त्या सकाळी बांधीत तर मला तसं वाटलं होतं. अंगणात नाही वाटलं.

"हो," मी म्हटलं. "लागले होते. सशाचेच."

त्यानं गडवा पुन्हा उचलला. मग पाणी प्यायला, आणि बंदूक घेऊन गेला. विकतो म्हणाला नाही, पुन्हा जातो म्हणाला नाही.

तेव्हापासून मी बोटं मोजते आहे, तुझ्या जावयासारखी. पोट, पीक, जीव. चौथं बोट धरून बसते आणि पुढं काही सुचत नाही. यांना विचारावं तर ते धडा सांगतील. म्हातारीला जाऊन किती वर्षं झाली. हा कागद कुणाला पाठवायचा नाही, दुपार सरली की चुलीत घालीन किंवा पेटीच्या तळाशी ठेवीन, तेही ठरलेलं नाही. पण एवढं लिहिलं तर एक लिहून टाकते, जे मी यांनाही सांगितलेलं नाही. माणसं शिकार का करतात हे मला कळलं नाही, ते खरंच आहे. पण सांडलेले तांदूळ वेचताना मला त्याचं काही पडलेलं नव्हतं. तू "तुयासाठी नोहोती गेली" म्हणालीस, तेवढंच मला लागलं होतं. मी तुझी पोर, सात महिन्यांची पोटुशी, थंडीत तुझ्या मागं चालत आलेली. मी मागं आले म्हणून तू त्या दिवशी ससा आणलास, असं एकदा तरी, खोटं का होईना, तू म्हणायला पाहिजे होतं.